तोंड तेवढं चुकलं

आमच्या आत्याच्या यजमानांइतका आजारी माणूस बारामती तालुक्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतका ठणठणीतही. आम्ही त्यांना मामा म्हणतो. कोऱ्हाळ्याहून बाजाराला निघाले, की अर्धी आळी त्यांच्या हातात पिशव्या देणार आणि जोडीला आपापली दुखणीही. एक माणूस तालुक्याला चाललाय, तर बाकीच्यांनी एसटीत हाडं कशाला खिळखिळी करून घ्यायची, असा आमच्याकडचा रिवाज. कुणाचं बियाणं, कुणाची चप्पल, कुणाचा खोकला. मामा ओपीडीत केसपेपर स्वतःच्याच नावानं काढायचे आणि डॉक्टरांपुढं तो उसना खोकला असा काही खोकायचे, की रांगेतली माणसं सरकून बसायची. “पेशंट म्होरं नसला तर डाक्टर औषिद देतो व्हय?” हा त्यांचा बिनतोड सवाल. एकदा शेजारच्या सुनेची तक्रार त्यांनी जशीच्या तशी सांगितली, तेव्हा मात्र डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून त्यांना नीट पाहून घेतलं. “बाई हुशार हाय,” मामा घरी येऊन म्हणाले, “पण माणसावर इस्वास न्हाय तिचा.”

मग आत्याला चक्कर यायला लागली. ती दवाखान्याच्या नावानंच गळाठणारी, त्यामुळं तिची चक्करही मामांनीच नेली. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर मोजलं, ते अर्थातच मामांचं. ते चांगलंच चढलेलं निघालं, म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. मामांनी त्या इमानेइतबारे आत्याला चारल्या आणि आठवड्याच्या आतच ती धुणं वाळत घालता घालता अंगणात कोसळली. “आरं, तुझी आत्या डोळं उघडंना,” मामांचा फोन आला.

गाडीत घालून आम्ही तिला नेलं. डॉक्टर तेच होते. त्यांनी आत्याचं प्रेशर पाहिलं, गोळ्यांचं पाकीट पाहिलं, मग मामांकडं पाहिलं. “आजोबा, यांचं प्रेशर मुळातच कमी आहे. या गोळ्या तुमच्यासाठी होत्या!” म्हणजे डॉक्टर बरोबर, औषध बरोबर, डोस बरोबर. तोंड तेवढं चुकलं.

सलाईन लागल्यावर आत्या सावरली. मग डॉक्टरांनी मामांना स्टुलावर बसवलं. “आता खरं सांगा. तुम्हाला स्वतःला काय होतंय?”

साऱ्या आळीची दुखणी तोंडपाठ असलेल्या या माणसानं डोकं खाजवलं, छताकडं पाहिलं आणि शेवटी कॉटकडं हात केला. “माझं व्हय? ते हिला इचारा.”

आत्यानं डोळे न उघडताच सांगितलं, “रातच्याला डोस्कं धरून बसत्यात. इचारलं की म्हणत्यात, काय न्हाय, झोप तू.”

आता मामांच्या गोळ्या मामाच घेतात. आळीतले लोक पिशव्या देतात, दुखणी देत नाहीत, याचं मामांना जरा वाईट वाटतं. “आता कुणी साधा खोकला बी सांगत न्हाय,” म्हणतात. तपासणीला दोघं जोडीनं जातात, मीच नेतो. डॉक्टर मामांना विचारतात आणि उत्तर आत्या देते. आत्याला विचारलं की मामा सांगतात. त्यांना घरी सोडून एकटा परतताना मनात येतं, आपलं असं कोण सांगेल? आणि खरं सांगतो, त्या दोघांचा मला हेवा वाटतो.