पुढच्या चाकांचा माणूस

जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ पुढच्या चाकांत असतं, असं माझे धाकटे दीर मानत. भांडुपला त्यांचं जुन्या जीप दुरुस्त करायचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि नजर कायम खाली. कोणी भेटलं की आधी त्याची चाल बघायचे, मग तोंड. माझ्या मुलासाठी मुलगी बघायला मरोळला गेलो, तेव्हा आम्ही सगळे तिचं नाक बघत होतो. भावोजी दारातल्या तिच्या चपला बघून म्हणाले, "डावी टाच जास्त झिजलीय." लग्न जमलं, पण मुलीच्या बापाने आधी नव्या चपला घेतल्या.

स्टेअरिंग थरथरतं म्हणून जीप आली, की दुसरे मिस्त्री भराभर पार्ट बदलत. हे आधी गाडी घेऊन मुलुंडच्या रस्त्याला जात. स्टेअरिंग बोटांत सैल धरायचं आणि गप्प बसायचं. ठराविक वेगालाच थरथर आली तर चाकाचं बॅलन्सिंग. खड्ड्यातून गेल्यावर सुरू झाली आणि गाडी थांबेपर्यंत गेली नाही, तर स्टेअरिंगच्या रॉडचे सांधे, नाहीतर चाक ज्या खिळीवर वळतं ती किंगपिन. बायको गेल्यापासून ते माझ्याकडे जेवत, त्यामुळे भाताबरोबर मला हे रोज ऐकावं लागे.

गल्लीत रंगीत टीव्ही नुकते आले होते, तेव्हाची गोष्ट. एका खाणवाल्याची जीप त्यांच्या हातून सुटेना. किंगपिन बदलली, सांधे बदलले, दुसऱ्या गाडीची चाकं लावून पाहिली.

"अजून थरथरता, वयनी. बारीक आसा, पण आसा," जेवताना मला म्हणाले.

गॅरेजात खाणवाला म्हणाला, "मला तर काय लागत नाय. द्या ना गाडी."

"तुझो हात म्हणजे फावडा. तुका काय कळतला?"

इकडे घरी घास तोंडाशी नेताना भावोजींच्या शर्टावर आमटी सांडायची. मी बघत होते. डॉक्टरचं नाव काढलं की पानावरून उठायचे.

शेवटी एकदा मीच जीपमध्ये शेजारी जाऊन बसले. रस्ता मोकळा लागल्यावर ते म्हणाले, "इली बघ थरथर."

मी स्टेअरिंग धरलं. "हात काढा, भावोजी."

त्यांनी काढले. मी जन्मात गाडी चालवली नव्हती, पण स्टेअरिंग माझ्या हातात गप्प होतं.

"थरथर गाडीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. ब्रेक लावला. एकेक हात वर धरून पाहिला, मग गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाले, "उजवो जास्ती आसा."

दुसऱ्या दिवशी खाणवाला जीप घेऊन गेला. त्यानंतर भावोजींनी कोणाची गाडी घेतली नाही. त्याच संध्याकाळी हत्यारं आत ठेवली, दार ओढलं आणि कुलूप लावायला लागले. चावी भोकात जाईना. मी मागेच उभी होते. चावी मागितली नाही. ती बसेपर्यंत थांबले.