साडूची पलटण

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सगळं आहे, फक्त एक पलटण नाही, आणि म्हणूनच आपण मागे राहिलो, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच आणि तो माझा साडू. कामठीला फौजेच्या मेसमध्ये त्यानं उमेदीची वर्षं पोळ्या लाटल्या. बंदूक कधी हाती आली नाही, पण निवृत्त होऊन देऊळघाटला परतला तो थेट सेनापतीच्या थाटात. दारातल्या झाडांना खाली गेरू, वर चुना. अंगणातल्या दगडांनाही तोच गणवेश. एकदा ब्रश म्हशीच्या खुरांपर्यंत पोचला, तेव्हा माझी मेहुणी कडाडली, "आता मलेच रंगवून टाका!" जेवणाला तो शिटी वाजवी. कुणाच्या लग्नाला गेला की आधी मांडव निरखून म्हणे, "यात एक कंपनी आरामात झोपते." आणि खामगावच्या बाजारात उभा राहिला की हटकून सुस्कारा सोडी.

"साडभाऊ, कामठीत म्या डोळ्यानं पाह्यलं. पलटण हाय म्हणून न्हाव्याची कैची चालते, धोब्याची इस्त्री चालते, भाजीवालीची टोपली दुपारलेच रिकामी होते. आपल्याकडं? पोरगं बारावी झालं का धरली पुण्याची गाडी."

शेवटच्या वाक्याला त्याचा आवाज बारीक होई. त्याचा एकुलता एक मुलगा पुण्यात कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होता. पलटणीचं सारं वेड त्या मुलानं घरी परतावं एवढ्यासाठी होतं. हे मला कळत होतं. कळत होतं, तरी.

मी सरकारी कचेरीत कारकून. पावसानं दगा दिला त्या वर्षी साडूच्या ओट्यावर चहा पिताना सहज बोललो, "तुमच्या गावाबाहेर ई-क्लासच्या सरकारी चराऊ जमिनीवर छावणी मंजूर झाली." म्हणत होतो मी गुरांची, चाऱ्याची छावणी. त्याची बशी ओठांपाशीच थांबली.

"छावणी? आपल्या गावात? केवढी?"

मला हसू आवरेना. म्हटलं, "मोठी आहे. खाणारी तोंडं पुष्कळ येतील."

"अन् ऑफिसर?"

"एक डॉक्टर तर असणारच."

यात खोटं काही नव्हतं. गुरांचा डॉक्टर येणारच होता. फक्त एक शब्द मी गिळला, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत तोच किस्सा रंगवून सांगून टाळ्या घेतल्या. गावातले लोकही 'छावणी येऊन राह्यली' एवढंच म्हणत, त्यामुळे साडूला संशय कसा तो आला नाही. आठवडाभरात मुलगा नोकरी सोडून, मशीन घेऊन एसटीतून उतरला. बाहेरच्या खोलीवर पाटी लागली, 'येथे वर्दी शिवून मिळेल'. ती वाचली आणि माझं हसू गेलं. पण आता सांगायचं कुठल्या तोंडानं, म्हणून गप्पच राहिलो.

छावणी आली त्या सकाळी साडू इस्त्रीचा सदरा घालून रस्त्याच्या कडेला सावधानमध्ये उभा होता. धुरळा उठला. धुरळ्यातून आधी शिंगं निघाली, मग बैल, गाई, मागून त्यांचे मालक. कुणीतरी ओरडलं, "काऊन बे हवालदार, घे माप बैलाचं!" सगळे हसले. साडूनं एकदा पोराकडे पाहिलं. मग पुढे होऊन एका लंगडणाऱ्या वासराचं दावं हाती घेतलं आणि त्याला पाणी पाजायला आपल्या विहिरीकडे नेलं.

मुलाची पुण्यातली जागा भरली गेली होती. तो सुरतेला गेला, पुण्याहूनही लांब.

परवा ओट्यावर बसलो असताना साडूनं एकाएकी विचारलं, "तुमाले ठाऊक व्हतं ना, साडभाऊ, छावणी ढोरायची हाय म्हणून?"

या प्रश्नाला मी इतकी वर्षं भीत आलो होतो. म्हटलं, "हो. माहीत होतं."

त्यानं चहाची बशी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाला, "पोराले सांगू नका. बाप येडा हाय असं वाटते त्याले, वाटू द्या. पण सुरतेहून आला का पह्यले तुमच्याच घरी उतरते तो. तेवढं राहू द्या."

दर दिवाळीला तो खरंच आधी माझ्याकडे येतो. पाया पडतो, फराळाचं ताट पुढे ओढतो आणि बापाच्या वेडाचे किस्से सांगून खो खो हसतो. आजवर मीही त्याच्यासोबत हसत आलो. या दिवाळीला त्याला मध्येच थांबवावं म्हणतो.