आम्ही तिघं आणि मास्तरकीची पहिली ऑर्डर

नोकरी लागली की लोक पेढे मागतात, कुठं लागली ते विचारतात. लागेपर्यंत तुमचं काय झालं, हे मात्र कोणीच विचारत नाही! मग ते किस्से पोटात साचत राहतात. आम्ही तिघं अजूनही भेटलो की चहा येईपर्यंत कसाबसा दम धरतो, आणि मग सुरू.

तिघं म्हणजे मी, भास्कर पाटील आणि कल्पना. मी नि भास्कर सुरतच्या पांडेसऱ्याचे, कल्पना तिथल्याच पर्वत पाटियाची. तिघांचे वडील कापडाच्या कामावर. सुरतेतल्या मराठी शाळेत शिकून आम्ही पी.टी.सी. केलं, म्हणजे गुजरातेतलं डी.एड. शहरात जागा नव्हत्या. होत्या त्या लांब खेड्यांत, आणि त्यासाठीही ही रांग! वर्ष चौऱ्याण्णव. घरात रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "आलं का काही?"

*

इंटरव्ह्यूचा पहिला कॉल भास्करला आला. खानदेशातल्या एका खेड्यातली शाळा. आणि नेमका त्याच वेळी सुरतेत प्लेग!

भास्कर तरीही गेला. इस्त्रीचा शर्ट, फाईल, सगळं टापटीप. व्हरांड्यात उमेदवारांची गर्दी. शेजारच्यानं सहज विचारलं, "कुठले तुम्ही?"

भास्करला खोटं बोलता येत नाही. "सुरत."

दोन मिनिटांत बाक रिकामा! शिपाई नाकाला रुमाल लावून म्हणाला, "तुम्हीच आधी जा." आतून आवाज आला, "दारातूनच बोला."

बिचाऱ्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहून भागाकाराचा अख्खा पाठ घेतला. शेवटी संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "शिकवता छान. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो."

"पोचणारच साहेब," भास्कर म्हणाला, "मी शाळेच्या बाहेर उभा आहे!"

सगळे हसले. नेमणुकीची ऑर्डर मात्र आली नाही.

*

पुढच्या वर्षी आमच्या जिल्ह्याची जाहिरात आली. माझा कॉल आला, कल्पनाचा आला. भास्करचा नाही. तो रोज पोस्टात चकरा मारायचा. पोस्टमन त्याला बघून रस्ता बदलायला लागला!

इंटरव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी मागच्या गल्लीतले एक काका त्याच्या दारात आले. मिलमध्ये कापडाच्या घड्या घालायचे. हातात सरकारी पाकीट, चेहरा घाबराघुबरा. त्यांचंही नाव भास्कर पाटील!

"भो, सरकार माले मास्तर करी ऱ्हायनं," ते म्हणाले. "मी तं चौथी नापास शे!"

"काका, कधी आलं हे?"

"आठ दिन व्हयनात. इचार करी ऱ्हायंतू, जाऊ का नही!"

*

इंटरव्ह्यूत मला फळ्यावर गुजराती वाक्य लिहायला सांगितलं. लिहून मागं वळले, तर साहेब फळ्याकडं बघतच राहिले. मी प्रत्येक शब्दावर रेघ ओढली होती! गुजरातीला शिरोरेषा नसते, हे दुसरीतलं पोरही सांगेल.

"बेन, हे काय?"

"साहेब, मराठी शाळेत शिकले. सवय." डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. वाटलं, गेली नोकरी.

साहेबांनी कागदावर काहीतरी टिपलं. "अक्षरांवर छप्पर घालता, बरं आहे," ते म्हणाले. "जिथं पाठवणार आहोत, तिथं शाळेला नाही!"

*

मग कागदपत्रांची तपासणी. आदल्या दिवशी नाना डाईंगवरून आले. माझे वडील. रंगाच्या पाण्यात वर्षं गेल्यानं त्यांचे हात धुतले तरी गुलाबीच असायचे. "बेटी, माले दखू दे ना," म्हणत त्यांनी माझं ओरिजिनल सर्टिफिकेट हातात घेतलं. वाचता येत नव्हतं, तरी कितीतरी वेळ बघत बसले. परत दिलं तेव्हा कोपऱ्यात गुलाबी अंगठा!

नानांचा चेहरा पडला. आईनं खोडरबर आणला. मी ओरडले, "हात लावू नका कोणी!" रात्रभर मला वाटत राहिलं, बाद करणार.

काउंटरवर क्लार्कनं डागावर बोट ठेवलं. "हे कोणाचं?"

"वडिलांचं."

त्यानं मी सकाळीच काढलेली झेरॉक्स शेजारी धरली. तीत तो ठसा काळा होता. ओरिजिनलवर गुलाबी. शिक्का मारत म्हणाला, "एवढं ओरिजिनल आज पहिलंच बघितलं. पुढचा!"

*

तिघांच्या ऑर्डरी आल्या. कल्पनाला मिळालेलं गाव कोणालाच माहीत नव्हतं. तिनं ऑफिसात तीनदा विचारून खात्री केली, "बस जाते ना?" तिन्ही वेळा तिथल्या क्लार्कचं उत्तर, "जाते."

ती आणि तिची आई गाव बघायला गेल्या. आई मूळची बुलढाण्याकडची. संध्याकाळी उतरल्या, तर बस तशीच पुढं निघून गेली. परतीची बस? उद्या सकाळी! मुक्काम सरपंचाच्या पडवीत.

कल्पना रडायलाच लागली. "जाते म्हणाला होता तो!"

आई शांतपणे पिशवीतून भाकरी काढत म्हणाली, "जाते म्हनला वं. येते कुठी म्हनला?"

*

आणि आता माझा पहिला दिवस.

मी नवी साडी नेसून, नवी काळी बॅग घेऊन गावात शिरले. पोरं खेळत होती. मला बघितलं आणि सगळी पळाली! कोणी शेतात, कोणी झाडावर. शाळेच्या चार भिंतींत मी एकटी. हजेरीपटावर पहिल्याच दिवशी शून्य लिहायचं? कोणी तपासायला आलं तर? मी हात जोडून शाळेत जेवण शिजवणाऱ्या रेशमाबेनना विचारलं, "माझं काय चुकलं?"

"बॅग," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात अशीच बॅग घेऊन नर्सबेन आली होती. सगळ्यांना सुया टोचून गेली."

मी बाहेर आंब्याखाली जाऊन बसले. बराच वेळ गेला. मग कुंपणाआडून सात-आठ वर्षांची एक मुलगी आली. मागं तिची धाकटी बहीण, फ्रॉक धरून. मी बॅगेत हात घातला तशी धाकटी किंचाळली. थोरलीनं तिला पाठीमागं ढकललं, स्वतःची बाही खांद्यापर्यंत वर केली, डोळे घट्ट मिटले आणि दंड माझ्यापुढं धरला.

"आधी मला," ती म्हणाली.

मी तिची मूठ उघडून तळहातावर खडू ठेवला.

तिनं डोळे उघडले नाहीत. दात आवळूनच विचारलं, "झालं?"