तुसामागून आलेलं पाणी
गिरणीपाशी भाताच्या तुसाचा वास आला की मला मुरबाडच्या डोंगरातला आमचा ओहळ आठवतो. वरच्या जंगलातल्या झऱ्यातून निघून तो साग-ऐनांच्या सावलीतून आमच्या मिरची-वांग्यांच्या वाडीत उतरायचा. एका वर्षी झाडांना फुलं लागली असतानाच तो आटला. झरा वाहत होता, पण पाणी मधेच, पावसाळ्यात कोसळलेल्या दरडीखाली गडप व्हायचं. शेजारी म्हणाले, आता वाडी सोडा. आत्या मात्र हट्टाला पेटली. टोपलीभर तूस तिने त्या दरडीपाशी पाण्यात ओतलं आणि आम्हा बायकांना खाली रानात जागोजाग बसवलं. दुपार कलली तेव्हा बाजूच्या घळीतून आई ओरडली, “आलं गो, तूस आलं! पाणी इकडं पळालंय!” सगळ्याजणी कुदळी घेऊन धावलो आणि घळीपासून कोरड्या ओहळापर्यंत पाट खणला. वाडीच्या तोंडाशी वाळक्या पाल्यात सळसळ झाली तशी मी दचकून मागे सरले. “साप नाय गो, आपला ओहळ हाय!” म्हणत आत्या हसत सुटली, आणि तुसाची पिवळी कड पुढे ढकलत पाणी वाडीत शिरलं. आता नळ फिरवला की पाणी येतं. त्या दिवशी ते आम्ही आणलं होतं.