मागे राहिलेल्या वायरी

ऑफिसात त्यांना सगळे ताई म्हणत, वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात ग्राहकांसाठी अनेक आभासी मशीन चालवायची, हा कंपनीचा धंदा. प्रत्येक मशीनला नेटवर्कची आभासी वायर जोडायची आणि मशीन बंद झालं की ती काढून घ्यायची, हे ताईंच्या कोडचं काम. हल्ली काही वायरी मागे राहत. साचत साचत जागा संपे आणि नवं मशीन नेटवर्कविनाच सुरू होई. ग्राहक वैतागले होते.

साहेबांनी सोमवारी सांगून टाकलं, "शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर विकतचा कोड आणू. तुम्ही मग तक्रारींच्या फोनवर बसा."

अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की ताई फोन दुसऱ्याच्या हातात देत. शिवाय हा कोड त्यांनी पहिल्या ओळीपासून स्वतः लिहिला होता.

"लक्ष कुठंय?" जेवताना नवऱ्याने विचारलं.

"वायरीत."

"मला वाटलं, माझ्यात."

"तू कुठे हरवतोयस?"

गुरुवारी ताईंनी एक मशीन सुरू होता होता मुद्दाम बंद पाडलं. वायर जोडून झाली होती, नेटवर्कवरचा पत्ता मिळायचा होता. कोडने आवराआवर सुरू केली. आधी पत्ता परत घ्यायचा, मग वायर काढायची. पण न दिलेला पत्ता परत कसा घेणार? तिथे चूक आली आणि कोड थांबला. वायर लटकत राहिली.

थांबणं हा साहेबांचा नियम. चूक दिसली की पुढे पाऊल टाकायचं नाही, हे ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवत. ताईंनी तो इमानेइतबारे पाळला होता, आवराआवरीतही.

त्यांनी कोड बदलला. एक पायरी फसली तरी पुढची करायची, आणि काय फसलं ते शेवटी सांगायचं.

साहेबांनी बदल वाचून चष्मा काढला. "ताई, हे नियमात बसत नाही."

"मशीन उभं करताना नियम बरोबर आहे, साहेब. आवरताना थांबलो तर पसारा कोण उचलणार?"

"म्हणजे माझंच चुकलं म्हणा."

"मी कुठं म्हटलं?"

साहेब हसले नाहीत. खुर्ची ओढून ते स्वतःच मशीन बंद पाडायला बसले, दर वेळी वेगळ्या पायरीवर. शेजारी चहा गार झाला. एकही वायर मागे राहिली नाही.

"विकतवाल्यांना नको म्हणून कळवतो," उठताना ते म्हणाले. "पण नियमात एवढी सुधारणा लिहून द्या. तुमच्या शब्दांत."

"आधी हा बदल ग्राहकांसाठी चालू करते," ताई म्हणाल्या. "नियमाचं सवडीने बघू."