टाकीतली लोकर

इट्टोला राग पटकन यायचा आणि जाता जायचा नाही, हे वाळवंटाकडेच्या तिघ्रमीन गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं. नवरा डोंगरातल्या खाणीत दबून मेला, तेव्हासुद्धा ती आधी रडली नाही. मुकादमाच्या अंगावर धावून गेली. त्यानंतर खजुराची झाडं, त्यांच्या सावलीतली डाळिंबं आणि मेंढ्यांपुरता घास तिनं एकटीनं जगवला.

त्या उन्हाळ्यात आपल्या पाण्याच्या पाळीला ती फावडं घेऊन पाटावर गेली, तर पाट कोरडा ठणठणीत. पुढच्या पाळीलाही तेच. घास करपला, डाळिंबाची फुलं गळाली. मग ती पाटाच्या कडेकडेनं वर चालत निघाली. वर तिच्या दिराच्या पोरानं, बास्सूनं, मातीच्या गढीत परदेशी पाहुण्यांसाठी हॉटेल थाटलं होतं. पाट फोडून घातलेला जाड नळ सरळ त्याच्या भिंतीआड गेला होता. आत निळी टाकी काठोकाठ भरलेली, आणि तिच्यात एक लालबुंद पाहुणा उताणा तरंगत होता.

"बास्सू!"

"हळू काकू, पाहुणे घाबरतात."

"माझी झाडं मरताहेत त्याचं काही नाही, आणि पाहुणे घाबरतात?"

"अगं, वाळवंट बघायला कुठून कुठून येतात बिचारे. त्यांना जरा गारवा नको?"

"वाळवंट बघायचंय ना? मग माझ्या शेतात आण. तिथं आता दुसरं काही उरलं नाही!"

बास्सूनं हसून पुदिन्याचा चहा मागवला. इट्टोनं पेला हातात घेतला, टाकीत उपडा केला आणि निघून आली.

गावचा म्होरक्या हद्दू म्हणाला, "खजूर उतरला की बैठक बोलावू."

"खजूर राहिला तर उतरेल ना, हद्दू?" असं म्हणून ती त्याच्या दारातून उठली ती घरोघर गेली. मेंढ्या नुकत्याच कातरल्या होत्या. दर घरी कच्च्या लोकरीचे ढीग पडले होते, आणि लोकर धुवायची तर पाटावरच.

"पाणी जिथं गेलंय तिथं आपण जायचं," इट्टो म्हणाली.

"अगं बाई, तिथं लोक उघडे पोहतात!" शेजारची तुदा म्हणाली.

"मग लाजतील ते. आपण अंगभर कपड्यांत आहोत."

भर दुपारी गावातल्या बायका डोक्यावर गाठोडी घेऊन, गाणी म्हणत हॉटेलात शिरल्या. लेंड्या, गोखरू, लोकरीचं चिकट मेण, सगळं जसंच्या तसं टाकीत उतरलं. इट्टो टाकीच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभी राहून लोकर तुडवू लागली. निळं पाणी बघता बघता शेणकाल्यासारखं झालं.

"काकू, औषध घातलंय त्या पाण्यात!" बास्सू किंचाळला.

"बरं झालं, गोचिड्या मरतील."

पाहुणे मात्र खूश! काठावर उभे राहून फटाफट फोटो काढत होते.

त्याच संध्याकाळी हद्दूला बैठक सुचली. नळ उपटला गेला, पाणी पाटात आलं. पण नवऱ्यानं शेवटी लावलेला खजुराचा कोंब तोवर गेला होता. इट्टोनं तो उपटून बास्सूच्या दारात नेऊन टाकला.

थंडीत तुदा सांगत आली, "हॉटेलच्या दारात तुझं चित्र लागलंय, माणसाएवढं!"

इट्टो जाऊन बघते तर खरंच. ती स्वतः, गुडघाभर पाण्यात, तोंड उघडं, शिव्या देताना. खाली फ्रेंचमध्ये काहीतरी लिहिलेलं. बास्सूच्या बायकोनं मान खाली घालून वाचलं, "या, आमच्या आनंदी बायकांसोबत लोकर धुवा."

"आनंदी?" इट्टो कडाडली. तिनं चित्र दोन्ही हातांनी ओढून खाली घेतलं, टराटरा फाडलं. बास्सू दारातच उभा होता. या वेळी हसला नाही, पण आडवाही आला नाही.

बकरी ईदला त्यानं मांसाचा वाटा पाठवला. इट्टोनं तो ताटासकट परत धाडला.

"आता सोड ना गं," तुदा म्हणाली.

"का सोडू?" इट्टो म्हणाली आणि फावडं उचलून पाटाकडे गेली. त्या दिवशी पाळी तिची होती.