कंपनीच्या हापिसाचा स्लॅब

सरपंच घरी आला आणि म्हणाला, "बाई, कंपनीच्या हापिसाचा इतिहास लिहून द्या. एक पान बास. पाटीवर घ्यायचाय."

हा माझा जुना विद्यार्थी. चौथीत शुद्धलेखनापायी मी त्याला इतका बडवलाय, की अजून माझ्यापुढं खुर्चीवर बसत नाही. मी म्हटलं, "अरे, इतिहास राजेरजवाड्यांचा असतो. दोन खोल्या अन् एका हॉलचा कसला आलाय इतिहास?"

"वर मजला चढवतोय बाई. पोरींची अभ्यासिका मोठी करायची. उद्घाटनाला पाटी पायजे."

चहा टाकते म्हणून आत गेले आणि गॅस न पेटवता नुसतीच ओट्यापाशी उभी राहिले.

आमचं गाव सिरसाळ्याच्या अलीकडं. मी सातवीत असताना बाहेरच्या एका लोखंड कंपनीनं रस्त्याच्या कडेला हे ऑफिस बांधलं. आसपासच्या तलावांच्या, शाळांच्या बांधकामाला सळ्या इथून जायच्या. एक साहेब, दोन कारकून आणि गावातला पहिला फोन. पुढं कामं आटली, कंपनी गेली, इमारत ग्रामपंचायतीकडं आली. मग तिथं सरकीची पोती राहिली, वऱ्हाडं उतरली, मतदान झालं, काही दिवस जनावरांचा डॉक्टर बसला. आता पोरी बसतात. कुणी पोलीस भरतीचा अभ्यास करते, कुणी तलाठ्याचा. घरी पुस्तक उघडलं की पुढ्यात पिठाची परात येते, म्हणून बिचाऱ्या इथं येतात.

एवढं लिहायला मला दहा मिनिटं लागली. पुढचं लिहवेना.

कारण ते ऑफिस माझ्या वडिलांनी बांधलं. आण्णा पंचक्रोशीतले नावाजलेले गवंडी. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. आणि तो स्लॅब कसा झाला, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

स्लॅब ओतला की दुसऱ्या दिवसापासून त्याला पाणी पाजावं लागतं. वर आळी करून पंधरा दिवस तरी पाणी तुंबवून ठेवायचं, तेव्हा सिमेंट घट्ट होतं. कंपनीनं त्यासाठी टँकर लावला होता. नेमका तो उन्हाळा असा कडक, की गावच्या आडातून गाळ निघायला लागलेला. माणसांसाठी सरकारी टँकर आठवड्यातून एकदा यायचा. कंपनीचा मात्र रोज यायचा आणि सिमेंटसाठी हौद भरून जायचा.

तिसऱ्या दिवशी बाया घागरी घेऊन आल्या. मी आण्णांची भाकरी घेऊन गेले होते. सगळ्यांच्या पुढं एक धनगराची सून होती, कडेवर तान्हं पोर. ती म्हणजे या सरपंचाची आई, आणि कडेवरचं पोर म्हणजे हाच. ती म्हणाली, "मिस्त्रीदादा, दगडाला पाणी पाजायलाव, अन् माणसाला न्हाई का?"

आण्णांनी हातातली थापी खाली ठेवली. मग म्हणाले, "भरा. पर बोभाटा नगं."

त्या दिवसापासून तो हौद गाव प्यायलं, मेंढरंसुद्धा प्यायली. स्लॅबवर नुसती ओली गोणपाटं. साहेब यायच्या दिवशी तेवढं वर पाणी शिंपडायचं आणि त्यानं विचारलं की सांगायचं, "पाणी चालू हाय साहेब." सळ्या मात्र जाड आणि दाट घातलेल्या. गावात तेव्हापासून एकच बोलणं, "लोखंडाच्या कंपनीचं हापिस, त्याला काय धाड भरलीय!" लोखंडाला काहीच झालं नव्हतं हो, सिमेंट कच्चं राहिलं होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना हे ठाऊक होतं, पण सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली.

आण्णा आयुष्यात एकदाच त्यावर बोलले, शेवटच्या दुखण्यात. "त्या हापिसावर वजन टाकू दिऊ नगंस." मी हो म्हटलं. तेव्हा वर कोण काय टाकणार होतं?

आता तिथं विटांच्या दोन ट्रॉल्या येऊन पडल्या होत्या. दोन दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत फिरले. बोलावं तर आण्णांच्या नावाला बट्टा. गावात अजून लोक मिरवून सांगतात, आमचं घर मिस्त्रीच्या हातचं आहे म्हणून. न बोलावं तर डोक्यावर मजला आणि खाली पोरी. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मीच वर्षानुवर्षं शाळेत शिकवलं. ते शिकवणं सोपं होतं.

ग्रामसभा त्याच हॉलमध्ये भरली. पोरी मागं भिंतीला टेकून, पुस्तकं मांडीवर. मजल्याचा नकाशा घेऊन इंजिनिअर आलेला. सरपंचाची आईही लेकाचं कौतुक ऐकायला पुढं येऊन बसली होती. सरपंचानं मला इतिहास वाचायला उभं केलं. मी कागदाची घडी उघडलीच नाही. पाण्याचं सगळं सांगून टाकलं. फक्त घागर घेऊन पुढं आलेली बाई कोण, ते सांगितलं नाही.

इंजिनिअर स्टुलावर चढला आणि त्यानं हातोडीनं स्लॅबचा एक कोपरा टोकरला. गिलावा निघाला, आणि मागून भुरभुर वाळू त्याच्या शर्टावर पडायला लागली. खाली उतरून तो म्हणाला, "मजला विसरा. नीट तपासणी होईस्तोवर हॉलसुद्धा रिकामा करा."

"म्हंजे मिस्त्रीनं फसिवलं की गावाला!" मागून कुणीतरी ओरडलं.

सरपंच लालबुंद झाला. "बाई, इतकी वर्सं गप कावून बसलात? पोरी बसायल्यात हितं!"

त्याचं खरं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. आण्णांचंही चुकलंच. पण तसा उन्हाळा पुन्हा आला असता, तर आण्णांनी पुन्हा तेच केलं असतं, आणि मी आडवी गेले नसते. हे मला सभेत बोलता आलं नाही.

तेवढ्यात सरपंचाची आई काठी टेकत उठली. "फसिवलं कुणाला रे? कंपनीला फसिवलं आसंल. आमाला पाजलं त्यानं." मग लेकाकडं वळली. "पयली घागर म्या भरली. अंगावरचं दूध आटलं व्हतं माझं. तू चार म्हयन्याचा व्हतास, रडायचंबी बंद केलतंस."

सरपंचानं तिच्याकडं बघितलं. मग मान वर करून स्लॅबकडं. तसाच तो तरातरा मागं गेला, वाकला आणि पोरींची पुस्तकं स्वतःच गोळा करायला लागला.

"उठा गं," म्हणाला, "माझी माडी रिकामीच हाय. आत्ताच्या आत्ता चला."